शेवटचं प्रकरण तेवढं वाचून दाखवा

२ फेब्रुवारी

वन्सं,

वर काय लिहावं यातच दोन कागद फुकट गेले. ‘प्रिय’ लिहिलं तर तुम्ही म्हणणार, हिला आता काय हवंय? ‘तीर्थरूप’ लिहिलं तर म्हणणार, एवढी म्हातारी दिसते का मी? आणि ‘वन्सं’ म्हणायचा हक्क घटस्फोटाच्या कागदांवर सही केली तेव्हाच संपला, असं कोणीही शहाणं माणूस सांगेल. पण नवरा वेगळा झाला म्हणून नणंदेला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारायची, ते मला जमत नाही. जीभच वळत नाही. तेव्हा चालवून घ्या.

बातमी आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही शेवटची ओळ आधी वाचून मोकळ्या व्हाल. आपली कादंबरी छापून येतेय. खरंच येतेय, करारावर सही झाली. प्रकाशकांचं ऑफिस दोन खोल्यांचं आहे. बसायला खुर्ची देतात, पण खुर्चीवरची पुस्तकं उचलून ठेवायची कुठे, हे पाहुण्यानेच ठरवायचं. माणसं मात्र जीव लावणारी आहेत. संपादकबाई माझ्याच वयाच्या, आवाज बसलेला, सारखं गरम पाणी पितात. त्यांनी कादंबरी सलग दोनदा वाचली. मी स्वतः ती सलग एकदाही वाचलेली नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

‘आपली’ हा शब्द चुकून पडलेला नाही, वन्सं. मागच्या कव्हरवर टाकायला बाईंनी पुस्तकातली त्यांची आवडती वाक्यं काढून मला पाठवली. मी एक्स-रे विभागात दोन पेशंटच्या मधे उभी राहून ती वाचली आणि एकटीच हसत सुटले. सिस्टरने आत डोकावून विचारलं, “काय झालं?” काय सांगणार? त्या यादीतलं एकही वाक्य माझं नव्हतं. सगळी तुमची होती.

आठवतंय ना, कसं चालायचं आपलं? दुकान बंद असायचं त्या दिवशी तुम्ही शिलाईयंत्राच्या खुर्चीत बसून, चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन माझी पानं मोठ्याने वाचायच्या आणि मी तुमच्याकडे पाठ करून खाली चटईवर बसून गिऱ्हाइकांच्या कपड्यांची जुनी शिवण उसवायची. पाठ का, तर तुमचं तोंड बघत बसले असते तर मला एक अक्षर ऐकू आलं नसतं. तुम्हाला कंटाळा आला की तुम्ही सरळ गाळायच्या. माझा नायक दोन-दोन पानं विचार करायचा, तो तुम्ही एका ओळीत उरकायच्या. गाळलेल्या जागी मनाने काहीतरी घालायच्या, आणि सांगायच्या मात्र नाहीत. घरी येऊन बघावं तर कानात राहिलेलं वाक्य कागदावर नाहीच. मग मी माझी दोन पानं फाडायची आणि तुमचं वाक्य लिहून ठेवायची. नायक साहेबाकडे बढती मागायला निघतो आणि जात नाही, ते प्रकरण आठवतं? माझं केवढं मोठं चिंतन होतं तिथे. तुम्ही वाचलंत, “‘जाऊ दे,’ तो म्हणाला, आणि दाढी करायला बसला.” तेच आता मागच्या कव्हरवर येतंय, ठळक अक्षरात.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं. पण तुमचा धाकटा आता तुमच्याकडे राहतो, फोन वाजला की आधी तोच बघणार, आणि माझं नाव बघून त्याचा घास अडकायला नको. म्हणून दुकानाच्या पत्त्यावर पत्र.

आणखी एक. दुकानाच्या दारात तुम्ही मला म्हणालात, “आता काही दिवस येऊ नकोस गं. तो माझ्यासमोर बसून जेवतो. तुझ्याशी हसून-बोलून आले की त्याला माझ्या तोंडावर दिसतं.” मला त्याचा राग आला नव्हता. तेव्हा सांगायचं राहिलं, आता सांगते. पाठचा भाऊ आहे तुमचा. तुम्ही त्याच्या बाजूने उभ्या राहिल्या नसत्या तर मलाच तुमच्याबद्दल कमी वाटलं असतं. तुम्ही इतकी वर्षं माझी पानं वाचलीत, हे काय कमी आहे?

पहिल्या पानावर तुमचं नाव घालायचं आहे. चालेल का, एवढं कळवा.

तुमची,
लेखिकाबाई
(हे नाव तुम्हीच ठेवलंय. मी नाही.)

१८ फेब्रुवारी

वन्सं,

उत्तर आलं नाही. लग्नसराईचं काम असेल. मी गृहीत धरते की नाव घालायला हरकत नाही, आणि हरकत असेल तर तुम्ही गप्प बसणाऱ्यांतल्या नाही.

इथे माझी रोज नवी परीक्षा चालू आहे. मला वाटलं होतं, पुस्तक लिहिलं की लेखकाचं काम संपलं. प्रकाशकांकडे प्रसिद्धीचं काम बघणारी एक मुलगी आहे. हुशार, झपाट्याने बोलते, मधेच “ओके?” म्हणून थांबते आणि आपण ओके म्हणेपर्यंत पुढे जात नाही. ती म्हणाली, “मॅडम, पुस्तक एका वाक्यात सांगा.” मी म्हटलं, अगं, एका वाक्यात सांगता आलं असतं तर एवढी पानं कशाला लिहिली असती? ती हसली नाही. “दुकानदार तेवढंच ऐकतात मॅडम. ओके?” मग मी खूप विचार करून सांगितलं, “नकाशे काढणारा एक माणूस आणि त्याची बायको यांची गोष्ट आहे.” ती म्हणाली, “पुढे?” पुढे माझं घोडं अडलं.

फोटोही काढून झाला. फोटोग्राफरने भिंतीला टेकवून उभं केलं आणि म्हणाला, “हनुवटी वर, खांदे मागे, हलू नका.” वन्सं, ही तर माझीच वाक्यं! मी रोज सकाळपासून दुपारपर्यंत लोकांना हेच सांगते. मी आपोआप श्वास रोखला. फोटोत मी छातीचा एक्स-रे काढायला आल्यासारखी दिसते. संपादकबाई म्हणतात, करारी दिसता. त्या चांगल्या आहेत, म्हणून असं म्हणतात.

हॉस्पिटलमध्येही बातमी पसरली. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मैत्रिणींसाठी प्रती आधीच सांगून ठेवल्यात. वॉर्डातला मावशीवर्ग विचारतो, आम्ही आहोत का पुस्तकात? एवढी माणसं आपल्यासाठी खूश होतात, हे बघून मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं. मी काही फार माणसं जोडलेली बाई नाही. तरी ती आपणहून येतात आणि आनंदाने चौकशी करतात.

आता कामाचं. संपादकबाईंनी परवा मला बसवून घेतलं, पाण्याचा एक घोट घेतला आणि म्हणाल्या, “रागावू नका. पण हे पुस्तक दोघांनी लिहिलंय का?” त्या म्हणाल्या, “सगळ्या प्रकरणांत माणसं बोलतात, भांडतात, दाढी करतात. शेवटच्या प्रकरणात ती फक्त विचार करतात. आठ पानं विचार. शेवट तिथेच मरतो.”

त्यांना मी सगळं खरं सांगितलं. शेवटचं प्रकरण मी एकटीने लिहिलं. ते तुम्ही वाचलेलंच नाही. त्या म्हणाल्या, “मग त्यांना वाचायला सांगा की.” जसं काही तुम्ही पलीकडच्या टेबलावर बसल्या आहात.

या पत्राबरोबर वेगळ्या पाकिटात ते प्रकरण पाठवते आहे. टाइप केलेलं आहे, माझ्या अक्षराची शिक्षा नाही. मोठ्याने वाचा, एवढंच. कंटाळा येईल तिथे गाळा, मनाला येईल ते घाला, आणि मग काय वाचलंत ते मला कसंही कळवा. त्यात विशेष काही नाही. एक माणूस घर सोडून जातो, बस्स.

तुमची,
लेखिकाबाई

९ मार्च

वन्सं,

मागच्या पत्रात मी ‘विशेष काही नाही’ असं लिहिलं. तुम्ही पाकीट उघडलं असेल तर आतापर्यंत दोनदा कपाळाला हात लावला असेल. नसेल उघडलं, तर उघडायच्या आधी हे वाचा.

पुस्तकातला नायक म्हणजे आपला धाकटाच आहे. हे तुम्हाला सांगायला नको. मी त्याला लिफ्ट दुरुस्तीतून काढून नकाशे काढायला बसवलं, उंची वाढवली, मिशी दिली, म्हणजे कोणाला संशय नको. तुम्ही पहिलंच पान वाचताना थांबून म्हणालात, “चष्मा काढतो, पुसतो आणि मग कपाळावर ठेवून घरभर शोधतो, म्हणजे हा तर आपलाच.” किती हसलो होतो आपण. त्याला कळल्यावर तोही हसला होता. म्हणाला होता, “मिशी कशाला दिलीस, खाज येईल ना.” कादंबरी हसण्यावारीच सुरू झाली होती, वन्सं. नवरा-बायकोच्या बारीकसारीक खोड्यांची गोष्ट. पुढे आमच्या घरात बोलणं कमी-कमी होत गेलं आणि पानांवरही ते तसंच उतरलं. भांडण असतं तर सोपं होतं. कोणी काही वाईट केलं नाही, एकमेकांना काही बोलायचं तेवढं राहून गेलं.

शेवटचं प्रकरण तो बॅग घेऊन गेला त्या दिवसाचं आहे. खरं जसं झालं तसंच. मी स्वयंपाकघरात होते, दार लागल्याचा आवाज आला. बाकी आठ पानं मला काय काय वाटलं त्याची. आता बाई म्हणतात तेव्हा मलाही दिसतं, की त्यात माणूस कुठेच नाही. नुसती मीच आहे.

मी हे प्रकरण त्याला विचारून लिहिलेलं नाही, आणि तुम्हालाही विचारलं नव्हतं. म्हणून स्पष्ट लिहिते. तुम्ही ‘नको’ म्हणालात तर ते प्रकरण मी काढून टाकीन. मग कादंबरी आधीच्या प्रकरणावर संपेल, ती दोघं बाल्कनीत चहा पीत बसलेली आणि रेडिओवर बातम्या लागलेल्या. वाचणाऱ्याला बरं वाटेल. ते खोटं आहे, हे फक्त आपल्या तिघांना कळेल. मला जड जाईल, पण काढीन, कुरकुर न करता. तुम्हा दोघांकडून मला एवढं मिळालंय, की त्या बदल्यात एक प्रकरण काहीच नाही.

आणि ‘नको’ म्हणणार नसाल तर वाचा. मेलेलं प्रकरण छापण्यापेक्षा न छापलेलं बरं. तुम्ही वाचल्याशिवाय त्यात जीव यायचा नाही, हे मला आता नक्की कळलंय. मी रविवारी स्वयंपाकघरात उभी राहून स्वतः मोठ्याने वाचून बघितलं. माझ्याच आवाजाने मला जांभई आली.

गेल्या आठवड्यात तुमच्या रस्त्यावरून आले होते. दुकानात आले नाही, घाबरू नका. समोरच्या फुटपाथवरून बघितलं. तुमच्या तोंडात टाचण्या होत्या आणि तुम्ही एका जाड्या गृहस्थांच्या कमरेला टेप लावत होतात. त्यांनी पोट आत घेतलं होतं. तुम्ही टाचण्यांतूनच काहीतरी बोललात आणि त्यांनी पोट सोडलं. काय म्हणालात ते मला पलीकडून ऐकू आलं नाही, पण मी दिवसभर अंदाज बांधत राहिले आणि मजेत राहिले.

छपाईला द्यायचा दिवस ठरलाय. या महिन्याचा शेवटचा सोमवार. त्यानंतर बाई थांबू शकणार नाहीत, छापखाना दुसरं काम लावेल.

तुमची,
लेखिकाबाई

२१ मार्च

वन्सं,

हे पत्र छोटं आहे. उत्तर मागत नाही, नुसती हकीकत सांगते.

कव्हर आलं. निळं आहे. मला हिरवं हवं होतं, पण चित्रकाराने घरी येऊन शांतपणे समजावलं, की हिरव्यावर माझं नाव दिसणार नाही. मग मी म्हटलं, निळंच बरं! टेबलावर ठेवलंय आणि जाता-येता त्याच्याकडे बघते. शेजारणीने ते हातात घेण्याआधी हात पुसले. मला भरून आलं.

रेडिओवर मुलाखत झाली. पाचावर धारण बसली होती, पण समोरच्या माणसाने पुस्तकाची कच्ची प्रत खरंच वाचली होती आणि तो बोलत राहिला, मी मधे मधे ‘हो’ म्हणत राहिले. प्रसिद्धीवाली म्हणाली, “मॅडम, छान झालं, तुम्ही ऐकता छान. ओके?” मी म्हटलं, ते मला कुणीतरी शिकवलंय, शिवण उसवताना.

एक गोष्ट बरी झाली नाही. प्रकाशनाआधी पुस्तकाचा एक तुकडा वाचून त्याचं रेकॉर्डिंग सगळीकडे पाठवायचं, अशी पद्धत आहे म्हणे. त्यासाठी त्यांनी नाटकात काम करणाऱ्या एक बाई आणल्या आणि नेमकं शेवटचं प्रकरण त्यांच्या हातात दिलं. त्यांचा आवाज फार सुंदर, त्यात वादच नाही. पण त्या पहिल्या ओळीपासून रडत वाचायला लागल्या. नायकाने बॅग उचलली तेव्हा तर त्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला, की बाहेर बसलेला माणूस पाणी घेऊन आला. एक शब्द गाळला नाही त्यांनी. सगळी आठ पानं, जशीच्या तशी. मी खाली मान घालून बसले होते आणि मनात म्हणत होते, गाळा हो बाई, काहीतरी गाळा.

नंतर संपादकबाईंनी मला बाहेर नेलं. म्हणाल्या, “तुमच्या नणंदबाईंचं काय?” मी म्हटलं, त्यांचं काही आलं नाही. त्या म्हणाल्या, “मग ठरवा. हे असंच छापायचं, की काढायचं?” मी सोमवारपर्यंत वेळ मागितला. त्यांनी दिला. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो त्यांनी बराच वेळ काढला नाही.

खरं सांगू? तुम्ही गप्प आहात म्हणजे तुम्हाला ते नकोय, असं मला वाटायला लागलंय. तसं असेल तर ‘नको’ लिहायचे कष्टही घेऊ नका. मला कळलं असं समजा. मी सोमवारी ते प्रकरण काढून देते आहे.

नाव मात्र पहिल्या पानावर राहील. ते काढायला सांगितलंत तरी ऐकणार नाही.

तुमची,
लेखिकाबाई

२८ मार्च

वन्सं,

शनिवारी दुपारी शेवटचा पेशंट गेला, मी जड एप्रन काढून खुंटीला अडकवला आणि फोन बघितला. तुमच्या नावाखाली एकामागून एक रेकॉर्डिंग येत होती. तुम्हाला हे पाठवता येतं हेच मला माहीत नव्हतं. मी एक्स-रेच्या खोलीचं ते शिशाचं दार लावून घेतलं आणि पेशंटच्या स्टुलावर बसले. मग मला सुचलं, आणि मी उठून भिंतीकडे तोंड करून बसले. तुमच्याकडे पाठ करून.

आधी खोकलात. मग म्हणालात, “हं, लेखिकाबाई, ऐक. तुझी तिन्ही पत्रं वाचली, चौथं काल आलं. उत्तर लिहायला मला येत नाही, मी काय तुझ्यासारखी रिकामटेकडी आहे? वाचते आता. मधे बोलू नकोस.” जशी मी तिथेच होते. वन्सं, तिथेच माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, अजून तुम्ही पहिली ओळही वाचली नव्हती.

मग वाचलंत. पहिलं पान झपाझप. दुसऱ्या पानावर मी आयुष्यावर जे काही लिहिलं होतं ते सगळं गाळलंत, तिसऱ्यावरचं निम्मं. मला एवढं हलकं वाटलं, की मी भिंतीला डोकं टेकवलं. “‘तिने विचारलं, स्वेटर घेतलास का? तो म्हणाला, घेतला.’” हे माझ्या पानावर नाही. मी विचारलं होतं खरं, पण लिहायला विसरले होते. तुम्हाला कसं कळलं, असं मनात येतंय तोवर मला कळलं, की तुम्हाला कोणीतरी सांगत होतं.

तो तिथेच बसला होता.

तुम्ही वाचलंत, “‘दार लागलं. तो निघून गेला.’” आणि मागून त्याचा आवाज आला. “थांब, ताई.”

तुम्ही म्हणालात, “काय रे?”

तो म्हणाला, “गेलो नव्हतो मी लगेच.”

रस्त्यावरून गाडी गेलेली ऐकू आली. तो म्हणाला, “जिन्यात बसलो होतो. आतून नळाचा आवाज येत होता. ती भांडी घासत होती. म्हटलं, नळ बंद झाला की आत जाईन, काहीतरी बोलेन. नळ बंदच झाला नाही. मला वाटलं, हिला काहीच वाटत नाहीये, ही आपली कामाला लागली. मग गेलो.”

तुमच्याकडून ‘अरे वेड्या’ नाही, ‘मग मला आधी का नाही सांगितलंस’ नाही. पान उलटल्याचा आवाज आला आणि तुम्ही त्याच वाचायच्या आवाजात पुढे वाचायला लागलात, जसं काही ते तिथे छापलेलंच होतं. “‘तो जिन्यात बसला. नळ बंद झाला की आत जाऊ, असं त्याने ठरवलं. आत नळ वाहत होता. बराच वेळ वाहत होता. मग तो उठला आणि खाली गेला.’ संपलं. पुढचं सगळं काढून टाक गं, लांबण आहे.” आणि त्याला विचारलंत, “घालू दे का रे तिला हे?” तो म्हणाला, “घालू दे. बरोबर आहे ते.” मग म्हणाला, “तिला सांग, पत्रांसकट आधीचं पण सगळं ऐकलं मी. चांगलं लिहिलंय.”

मी ते तिथेच, रिपोर्टच्या कोऱ्या कागदावर, ऐकून ऐकून उतरवून घेतलं. एक शब्द बदलला नाही. आज सकाळी बाईंच्या हातात दिलं. त्यांनी उभ्या-उभ्या वाचलं, खुर्चीवरची पुस्तकं बाजूला न करता त्यांच्यावरच बसल्या, आणि पुन्हा वाचलं. मग आत जाऊन छापखान्याला फोन केला. आठ पानांचं आता सव्वादोन पानांचं झालंय. प्रसिद्धीवालीने विचारलं, “मॅडम, आता एका वाक्यात सांगता येईल ना?” मी म्हटलं, आता येईल.

रेकॉर्डिंगच्या शेवटी तुम्ही म्हणालात, नाव बिव घालू नकोस, लोक पुस्तकं घेऊन दुकानात येतील वाचून घ्यायला. येऊ देत. आता तिथे दोन नावं आहेत, तुमचं आणि त्याच्या खाली त्याचं. प्रकाशनाला या असं मी म्हणत नाही. तुम्ही जे दिलंत, ते एका माणसाला आयुष्यात एकदा मिळालं तरी खूप झालं. तुम्हा दोघांचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही, म्हणून नुसतं लिहिते. आभार.

आता एक राहिलं. हे मी कादंबरीत घातलेलं नाही आणि घालणारही नाही. तुम्ही हे पत्रसुद्धा मोठ्यानेच वाचत असणार आणि तो समोर बसला असणार, असं मी धरून चालले आहे. वरचं हवं तेवढं गाळा. पण वन्सं, पुढच्या दोन ओळी गाळू नका, मनाचं काही घालू नका, आहे तसंच वाचा.

रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी नळ सोडून ठेवला होता. भांडी केव्हाच घासून झाली होती.